दामासोचा नंबर

देतो ना अंपायर साहेब, देतो — बॅटिंगच्या क्रमाचा कागद माझ्या हातातच आहे, पळून कुठं चाललाय? समोरच्या टीमनं दिला? देणारच की, त्यांना काय, त्यांचे नऊच्या नऊ मारणारे. माझी आठ नावं पक्की आहेत, फक्त एकाला कुठं घुसवायचा ते ठरत नाहीये. तो बघा, धूळ झटकतोय तो — दामासो. शॉर्टस्टॉप. तुम्ही मासायाहून आलात म्हणून सांगतो, बेसबॉलमध्ये असा शॉर्टस्टॉप या तळ्याच्या काठाला दुसरा नाही. चेंडू जमिनीवरून सुटला ना, की हा आधीच तिथं बसलेला असतो, पाहुण्याची वाट बघितल्यासारखा. पण हातात बॅट दिली की संपलं. या मोसमात बारा सामने, फटके किती? सात. त्यातले दोन तर गाईच्या अंगावर आपटले म्हणून धरले गेले नाहीत.

मग नवव्या नंबरवर घाला, म्हणताय ना? सगळं गाव तेच म्हणतं. माझा पिचर विल्मर, नुसता चेंडू फेकायला ठेवलेला, तोसुद्धा याच्यापेक्षा बरा मारतो — तेव्हा विल्मर आठवा आणि दामासो नववा, पिचरच्याही मागं. हिशेबानं बरोबर आहे. पण तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे नंबर म्हणजे नुसता नंबर नसतो. चौथा म्हणजे गावातला सगळ्यात मोठा मारणारा, तो यायला निघाला की माणसं उभी राहतात, म्हाताऱ्या छातीवर क्रूस करतात. आणि नववा आला की बायका प्यायला गार कोकोच्या पिशव्या आणायला उठतात. इतकी वर्षं त्यानं ते पाहिलंय, कधी हूं की चूं केलं नाही. तो माझा मेव्हणा आहे, हे सांगायचं राहिलंच. माझ्या बायकोचा, पेत्रोनाचा धाकटा भाऊ. नाही नाही, बायकोच्या धाकानं नाही थांबलो मी! म्हणजे ती म्हणालीय, माझ्या भावाला पिचरच्या मागं घातलंस तर नाकातामाल शेजारी जाऊन खा — पण ते ती दर रविवारी म्हणते, आणि दर रविवारी वाढते.

थांबलोय त्यांच्यामुळे. बदामाच्या झाडाखाली बघा — खुर्चीत, पांढरी टोपी. माझे सासरे, इलारिओ. नाव ऐकलंय? वाटलंच मला. वीस वर्षं या गावाचा चौथा नंबर होता तो. मारून थेट तळ्यात चेंडू टाकायचा, मुलं होडी घेऊन आणायला जायची. आता साखरेनं डोळे गेलेत, सहा वर्षं झाली. तेव्हापासून मैदानावर आज पहिल्यांदाच आणलंय. हट्टच धरून बसला — मला पोराची बॅट ऐकायचीय. आणि हा भोंगा, चर्चमधून मागून आणलेला, तो आता नऊ नावं वाचणार. क्रमानं.

त्यात काय, म्हणताय? आहे त्यात. बापाला वाटतं, दामासो चौथा खेळतो.

मी सांगितलं. हो, मीच. डोळे गेले त्या महिन्यात म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा, जेवायचा नाही. रविवारी मी त्याची दाढी करतो — अजूनही मीच करतो — तेव्हा त्यानं विचारलं, पोरगा कितवा आला रे आज? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चौथा. वस्तरा हातात होता साहेब, आणि म्हातारा हसला. महिन्यात पहिल्यांदा. त्या दिवशी दोन वेळा जेवला. मग पुढच्या रविवारी काय सांगायचं, घसरून नववा झाला? एकदा चौथा केला तर चौथाच ठेवावा लागतो. वर त्याच्या नावावर दर रविवारी फटके द्यावे लागतात. मी दिले. कंजूषपणा नाही केला.

घरात कुणाला ठाऊक नाही. पेत्रोनाला वाटतं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. सगळ्यांनाच वाटतं. तो दारातल्या माणसांना पोराचे फटके सांगतो, ती मान हलवतात आणि पुढं गेल्यावर हसतात. शहाण्या माणसाला मी — जाऊ द्या.

द्यायचा ना कागद, देतो. एवढं ऐका फक्त. दामासो त्या झाडाकडं का बघत नाहीये, ठाऊक आहे? चार वर्षांपूर्वी एका रविवारी चारही वेळा बाद झाला होता, रस्ताभर माणसं हसलेली, तसाच घामेजलेला जेवायला आला. आणि बाप सगळ्यांसमोर मोठ्यानं — या या, चौथे नंबर! आज किती हाणले? दामासोनं ताट खाली ठेवलं. त्याला वाटलं, बाप टोमणा मारतोय. उठून गेला. तेव्हापासून उंबरा चढला नाही, बापाशी शब्द बोलला नाही. म्हातारा मला विचारतो, मोठा खेळाडू झाला म्हणून विसरला का रे मला? आणि मी साबण लावत राहतो. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. तिथंच बसलो होतो मी, त्या जेवणाला. तोंडात घास होता.

आता तुम्हीच सांगा. चौथा लिहू? दामासोला वाटेल, दाजीनंही गावासमोर थट्टा केली. नववा लिहू? तो झाडाखालचा — तुमच्या हातात एकदा गेला की बदलता येत नाही ना? देव आला तरी नाही? — अहो, ओढू नका, फाटेल — बरं. घ्या. गेला.

काय लिहिलंय मी? नववा. हात आपोआप तिथं गेला. मॅनेजरचा हात ना, दाजीचा नव्हे.

सुरू झालं बघा. पहिला. दुसरा. तिसरा. — म्हाताऱ्यानं टाळीसाठी हात वर घेतलेत. चौथा — तसेच राहिले हात. शेजारी उभ्या पेत्रोनाला काहीतरी विचारतोय, पोरगा खेळत नाहीये का, असंच विचारत असणार. पाचवा. सहावा. सातवा. किती सावकाश वाचतो हा गाढव! विल्मर.

झालं. दामासोचं नावही वाचलं.

हात मांडीवर ठेवले म्हाताऱ्यानं. दामासो चाललाय तिकडं, कुंपणापाशी. म्हातारा बोलतोय. बोलतोय, बोलतोय — दाढी करताना वस्तरा फिरवावा तसं गालावरून बोट फिरवतोय. आता दामासोनं मान वळवली, इकडं. पेत्रोनानंपण. आणि म्हातारा — त्याला दिसत नाही साहेब, तरी बरोबर माझ्याकडंच तोंड केलंय त्यानं.

सुरू करा ना खेळ. साहेब, लवकर सुरू करा.