सावडीची भाकरी

(महाळुंगे पडवळ, १९९६. बायडाबाईच्या घरालगतच्या रानात कांदालावणीची सकाळ. सावडीला, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीने राबायला, गावातल्या बाया आल्या आहेत.)

ज्योत्स्ना : आत्या, चौदा जणी आल्यात, पण कुणाच्याच हातात भाकरीचं फडकं नाही.

बायडाबाई : नीट बघ गं. सावडीला जी ती आपली भाकरी घिऊन येती.

ज्योत्स्ना : बघितलं. एकीच्याही हातात नाही.

बायडाबाई : मंग दुपारी घरला जातील आन परत यायच्या न्हाईत. रोपं उपटून ठिवलीत, सांजच्याला सुकून जातील. पंधरा वरसं ह्यांच्या रानात वाकले मी! आत्ता कुठं कालव्याचं पाणी आलं, पैल्यांदा माझा कांदा लागतोय, आन माझ्या येळंला अर्धाच दिस?

ज्योत्स्ना : धोंडाकाकू इकडंच येतायत. विचारा ना.

बायडाबाई : तूच इचार. मला न्हाई जमायचं.

धोंडाबाई : काय गं सासवा-सुना, कुजबुज कसली? आमी वाफ्यात वाकलोय आन तुमी हितं उभ्या!

ज्योत्स्ना : काकू, दुपारी तुम्ही सगळ्या घरी जाणार का?

धोंडाबाई : घरी कशाला? जेवाया हितंच. म्हणून तर भाकरी आणली न्हाई. मीच सांगितलं समद्यांना.

बायडाबाई : हितं? आमच्या बौद्धवस्तीवर?

धोंडाबाई : मग! पंधरा वरसं तू माझ्या बांधावर लांब बसून सुकट-भाकर खातीस. आमचा नवरा माळकरी, घरात सुकटीचं नाव काढायचं न्हाई. नुसता वास घिऊन दमले बाई मी!

ज्योत्स्ना : मग पंधरा वर्षांत एकदा तरी 'जवळ बस' म्हणायचं होतं, काकू.

बायडाबाई : ज्योत्स्ना!

धोंडाबाई : बोलू दे तिला. खरंय. लाज वाटती मला. आज म्हणते, चालंल का?

बायडाबाई : चालंल काय इचारता, वैनी! पण चारच भाकरी केल्यात मी. म्हणलं, आमच्या घरचं कोण खाणार...

धोंडाबाई : हात्तिच्या! चूल हाय, पीठ हाय, मग झालं की. परात कुठंय? मी थापते.

ज्योत्स्ना : आणि सुकट मी भाजते. पण काकांना कळलं तर?

धोंडाबाई : चूळ भरून जाईन की! तू तिखट लई घाल.

बायडाबाई : परात चुलीम्होरं हाय. या, आत या.

धोंडाबाई : आले. आन ऐक बायडे, परवा माझा कांदा हाय. तवा तूबी भाकरी आणू नगंस.

बायडाबाई : न्हाई आणत.