क्लाइव्हच्या नावाची चिठ्ठी

बर्मिंगहॅमच्या त्या पुस्तकांच्या दुकानात जुना रॉक गायक रॉडनी याच्या आत्मचरित्रावर त्याची सही घ्यायला ही मोठी रांग लागली होती. म्हातारा क्लाइव्ह छत्री काखेत धरून पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होता.

“नशेचं काही म्हणजे काही लपवलं नाही गं त्याने. सुया, उलट्या, सगळं लिहिलंय.”

“मी तर त्या ड्रमवाल्या क्लाइव्हचं वाचून ढसाढसा रडले. दोघं एकाच सुईने घ्यायचे. त्याला इस्पितळात नेलं आणि तो तिथेच गेला.”

“आणि हा मित्राच्या मातीलासुद्धा गेला नाही!”

“शुद्धीत कुठे होता? त्या वर्षांतलं धड काही आठवत नाही म्हणतो.”

दुकानातली मुलगी चिठ्ठ्या घेऊन आली.

“आजोबा, सही कोणाच्या नावाने हवी? चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवते, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही.”

“क्लाइव्ह.”

पुढची बाई गर्रकन वळली.

“अगंबाई, त्या ड्रमवाल्याचंच नाव! ओळखत होतात त्याला?”

“एका गल्लीतले आम्ही.”

“मग शेवटी इस्पितळात भेटायला गेला असाल ना?”

“भेटायला? नाही हो बाई. वाट खूप पाहिली, पण कोणीच आलं नाही.”