करमणुकीचा रकाना

सुकन्या : असं नका करू, मावशी. पंकजाचं बारावीचं वर्ष आहे. ऊसतोडीला सोबत नेलंत तर परीक्षा बुडेल तिची.

विजयमाला : बुडू द्या. आदी च्या घ्या, गार व्हतोय. साखर लई पडली आसंल. ऊस तोडनाऱ्याच्या घरी तेवढी तरी पडावी.

सुकन्या : मी चहासाठी नाही आले हो नगरहून.

विजयमाला : म्हाईत हाय कशासाठी आलाव ते. म्याडम, गेल्या साली एक पोरगं मागं ठिवलं व्हतं शिकायला. आमी कारखान्यावर आन् त्यानं हितं जीव दिला. आता पोरगी बी ठिवा म्हनता? कंच्या तोंडानं म्हनता?

सुकन्या : अजिनाथ होता तेव्हा गावात काहीच नव्हतं, मावशी. आता शाळेजवळ युवा केंद्र झालंय. टीव्ही आहे, कॅरम आहे, व्हॉलीबॉलचं नेट आलंय. आमच्या संस्थेनं तरुण पोरांच्या मनाची पाहणी केली होती ना, त्यावरूनच आखली ही योजना. पोरांनी जे सांगितलं तेच दिलंय.

विजयमाला : पोरांनी कॅरम मागितला?

सुकन्या : कॅरम असं नाही... गावात करमणुकीची सोय नाही, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

विजयमाला : माज्या अजिनाथला बी इचारलं व्हतं का?

सुकन्या : हो. इथंच ओट्यावर बसलो होतो. तुम्ही गेल्यावर, दिवाळीनंतर.

विजयमाला : मंग? काय म्हनला?

सुकन्या : जाऊ द्या ना, मावशी.

विजयमाला : का जाऊ द्या? माज्या लेकराचं बोलनं तुमच्यापाशी हाय आन् मला ठावं न्हाई. सांगा की!

सुकन्या : आधी हसला. म्हणाला, भाकरी करता येते मला, अभ्यासही चाललाय. मग खाली बघून म्हणाला, "करमत न्हाई, ताई."

विजयमाला : आन् तुमी काय लिव्हलं?

सुकन्या : कागदावर रकाने ठरलेले असतात, मावशी. शिक्षण, तब्येत, नोकरी, करमणूक. 'करमत नाही'ला रकानाच नव्हता. मी... मी ते करमणुकीत टाकलं. सगळ्यांचंच. गावोगावची पोरं तेच म्हणत होती आणि मी तिथंच टाकत गेले.

विजयमाला : आगं बाई गं!

सुकन्या : मी काय परक्या मुलखातली आहे? केडगावची मी. लहानपणी आई माहेरी गेली की मीही हेच म्हणायचे. तेव्हा मला कुणी कॅरम दिला असता तर फेकून दिला असता.

विजयमाला : करमत न्हाई म्हंजी घरात मानूस न्हाई. निम्मं गाव कोयता घिऊन गेल्यालं. सांजच्याला पोरानं बसायचं कुनाचं त्वांड बघत? त्याला टीवी काय करनार हाय, सांगा.

सुकन्या : चुकलंच माझं, मावशी.

विजयमाला : तुमचं एकलीचं न्हाई. मला बी फोनवर तेच म्हनला व्हता. "आई, करमत न्हाई गं." डोक्यावर मोळी, गाडी भरायची घाई. मी म्हनलं, गानी लाव मोबाईलवर, करमंल. आई आसून आसं म्हनलं मी.

सुकन्या : रडू नका... नाही, रडा. मी अहवाल परत लिहिते. म्हणते, सामान पुरे झालं, आता माणूस द्या. मागं राहिलेल्या पोरांसोबत रोज संध्याकाळी बसेल, दोन घास खाईल, असा कुणीतरी. भांडते मी साहेबांशी.

विजयमाला : भांडा बाई, चांगलं भांडा. पन मुकादमाची गाडी परवा येती.

(पंकजा कपड्यांचं बोचकं घेऊन दारात येते.)

सुकन्या : पंकजा, ऐकलंस ना सगळं? तुझं काय म्हणणं आहे?

पंकजा : मला बारावी करायचीय, ताई. नर्सिंगला जायचंय.

सुकन्या : मग राहतेस? मी दर आठवड्याला येत जाईन.

पंकजा : आन् बाकीच्या दिवशी? आंगनात दादाची सायकल हाय. सांज झाली की वाटतं, आता येईल आन् घंटी वाजवील. मग दार लावून घेते मी. आत्ता आई-आबा घरात हायेत तरी लावते.

सुकन्या : मग जा तू. आईबरोबर जा. परीक्षेला कसं यायचं ते मी बघते. कॉलेजात बोलते, न्यायला स्वतः येते.

विजयमाला : तुमीच न्या म्हनताव आता?

सुकन्या : हो, मावशी. आले होते उलटंच सांगायला.

पंकजा : पुस्तकं घेते मग मी. झोपडीत लाइट नसती, दिवसाच वाचीन.

विजयमाला : वाच. मी न्हाई सांगायची तुला कोयता धर म्हनून. पन उसाच्या पाचटाची झोपडी ती, लई ल्हान. येगळं आंथरून न्हाई घालता यायचं. माज्या आंगाशीच निजावं लागंल तुला.

पंकजा : निजंन.