सरकता कप्पा आणि भिकूकाकांची वायर

अमेरिकेत चार वर्षं शिकून मी काय घेऊन आलो, सांगू? ठाम मतं. छोट्या कॉम्प्युटरमध्ये हात घालायला जागा नसते, म्हणून मी हार्ड डिस्कसाठी ड्रॉवरसारखा सरकणारा कप्पा केला. माझ्या मते आता सगळा देश आपापले कॉम्प्युटर स्वतःच दुरुस्त करणार होता. पत्र्याचं काम भिकूकाकांचं. संपात नोकरी जाईपर्यंत ते लालबागच्या गिरणीत माग दुरुस्त करायचे.

"वायर सैल ठेव रे. जे सरकतं त्याला ढील लागते."

"काका, लोंबत्या वायरी म्हणजे गावठी काम," मी त्यांना समजावलं आणि वायर आखूड, ताणून बसवली.

दादरच्या एका शाळेकडून आमची पहिलीवहिली ऑर्डर मिळायची होती. मुख्याध्यापिकाबाईंसमोर मी चालू कॉम्प्युटरचा कप्पा एका बोटाने ओढला. डिस्क ऐटीत बाहेर आली, वायर तुटली आणि पडदा काळा झाला.

"सगळं सहज बाहेर येतं, हे मात्र खरं," बाई म्हणाल्या.

काकांनी पिशवीतून लांब वायर काढून जोडली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. ऑर्डर मिळाली. जिना उतरताना मी चिडून विचारलं, "वायर आणली होती, तर पुन्हा सांगायचं नाही का?"

"गिरणीतल्या साहेबांनाही मी एकदाच सांगायचो," काका म्हणाले. "आता ती गिरणी कुठे आहे, बघ."