तळहातावरचा देव

माझा जुना मित्र महिपती याने वर्षापूर्वी पत्रातून विचारले होते, "तुझे ध्यान लागते का? खरे सांग." खरे सांगण्याची लाज वाटली, म्हणून मी उत्तरच दिले नाही.

काल शुक्रवार पेठेतल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारे लिंगायत जोडपे बसले होते.

"अवो, हात थरथरतोय म्हणून डाक्टरला नीट सांगा."

"सांगतो की. पर पूजा उद्यापासनं बंद, काशम्मा."

"का वो?"

"तळहातावर लिंग धरून नजर लावायची, तर लिंगच हालतंय. या वयात हातनं पडलं तर तोंड कुटं दाखवू?"

"आजवर पडलं का?"

"न्हाय. पर ध्यान कसलं त्यात? पडंल, पडंल, एवढंच मनात."

"आज सकाळी पूजेत दुकान आलं मनात?"

"न्हाय."

"थोरल्या सुनेचं भांडण?"

"न्हाय बा."

"मी दोनदा हाक मारली, ती?"

"कवा मारलीस?"

"मग लागलं की वो तुमचं ध्यान! चाळीस वर्सं पूजेत बसून मला 'आमटी करपली' म्हणून वरडत होता."

"...लई शाणी हायस. उद्या हाताखाली हात धरशील?"

"धरते की. माझाबी थरथरतोय, पर."

"असू दे. दोघं मिळून थरथरू."

माझा नंबर आला होता. तो सोडून मी उठून पोस्टात गेलो. महिपतीला कार्डावर लिहिले, "लागत नाही. तू ये, शेजारी बसून बघू." आणि पुन्हा न वाचता ते पेटीत टाकले.