जुळ्या भावाची कंबर

मंडळी, ऐका. निरूपण आज लवकर आवरलंय, कारण आख्यानाला वेळ लागणार आहे. पण आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, आपापल्या मनात द्या. शेजाऱ्याला ताप आला तर आपण विचारपूस करायला जातो. खरं ना? जातो. पण त्याच शेजाऱ्याची तब्येत सुधारली, सुटलेलं पोट आत गेलं, चेहऱ्यावर तेज आलं — तर? तेव्हा पेढे घेऊन किती जण जातात?

हसू नका. षड्रिपूंत मत्सराचं नाव सगळ्यात शेवटी येतं. काम, क्रोध, लोभ हे पुढे बसतात, लगेच ओळखू येतात. हा मात्र मागं, खांबाला टेकून बसतो. — नाही हो काका, तुम्हाला नाही म्हणालो, बसा आरामात.

तर गोदाकाठी कासारवेढे नावाचं बाजाराचं गाव. तिथं दोन भाऊ राहायचे, विश्वनाथ आणि रंगनाथ. जुळे. विश्वनाथ आधी जन्मला, रंगनाथ त्याच्या पाठोपाठ. इतके सारखे, की आई एकालाच दोनदा न्हाऊ घालायची आणि दुसरा कोरडाच शाळेत जायचा. मोठे झाले, लग्नं झाली. विश्वनाथ दूध संघात नोकरीला लागला, रंगनाथानं वडिलांचं शिंप्याचं दुकान धरलं. घरं भिंतीला भिंत लागून, अंगण एकच.

पन्नाशी ओलांडली आणि दोघांनाही साखर निघाली. त्यातही जुळेच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. गोळ्या दिल्या, वजन उतरवा म्हणाल्या, चालायला लागा म्हणाल्या. दोघांनी माना डोलावल्या. बाहेर आले आणि समोरच्या हॉटेलात शेवटचा म्हणून गोड चहा प्याले. त्यानंतर विश्वनाथानं आपण होऊन गोड चहाला हात लावला नाही.

विश्वनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या कडेनं चालायला लागला. पुढं चालण्याचं पळणं झालं. ताटातला भात वाटीवर आला. वर्ष सरायच्या आत माणूस असा उतरला, की लोक रस्त्यात थांबवून बघायला लागले.

रंगनाथानं काय केलं? त्यानंही तेच केलं. अगदी तेच. भाऊ जेवढा पळतो तेवढं मी पळणार. भाऊ मोड आलेली मटकी खातो, मीही खाणार. का? साखर उतरावी म्हणून? नाही हो. भाऊ पुढं जाऊ नये म्हणून. आता हा माणूस दिवसभर मशीनवर बसणारा, गुडघे आधीच कुरकुरणारे. पंधरवड्यात गुडघे सुजले. मटकीनं पोट फुगलं. संध्याकाळी भूक अशी खवळायची, की दुकानातच भजी मागवून कापडाच्या ठाणाआड बसून खायची. मग एके दिवशी त्यानं बूट माळ्यावर टाकले आणि बायकोला, पद्माला म्हणाला, "आपल्याला नाही जमत ते नाटक."

पद्मा म्हणाली, "भावजींना कसं जमलं?"

झालं. मंडळी, घरातलं माणूस साधंच बोलतं, पण कुठं लागतं ते त्याला कळत नाही. रंगनाथाला ते जिव्हारी लागलं. त्यात बाजारात एक परका माणूस दोघांकडं बघून रंगनाथाला म्हणाला, "तुम्ही थोरले का?" विश्वनाथ हसला. मोकळेपणानंच हसला बिचारा. रंगनाथही हसला, पण घरी येऊन आरशासमोर उभा राहिला. एकच आई, एकच घटका, एकच नाक, एकच हनुवटी. मग त्याला ते मिळालं आणि मला का नाही? दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला, तर माणूस म्हणतो, त्याचं नशीब वेगळं. जुळ्या भावाबाबत ती पळवाटही नाही.

आणि अशातच विश्वनाथाच्या मुलीचं लग्न ठरलं.

विश्वनाथ कापड घेऊन दुकानात आला. "रंगा, लग्नात घालायला पँट शीव. आहेत त्या सगळ्या ढगळ झाल्यात."

रंगनाथानं गळ्यातला टेप काढला आणि भावाच्या कंबरेभोवती फिरवला. आकडा बघितला. तोच आकडा त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या पँटचा होता. टेप हातात तसाच राहिला.

"काय रे, किती?" विश्वनाथानं विचारलं.

"बघतोय," रंगनाथ म्हणाला. आणि माप लिहिताना त्यानं कंबर कमी लिहिली. थोडीच. बोटभर.

त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं? भावाचा जीव घ्यायचा होता? छे. एवढंच वाटत होतं, की एकदा, फक्त एकदा, ह्याचंही बटण लागू नये. ह्यालाही कळू दे कसं वाटतं ते. मत्सर मोठं काही मागत नाही, मंडळी. बोटभरच मागतो.

पँट बेतली, शिवली. विश्वनाथ घालून बघायला आला. बटण लागेना. श्वास आत ओढला, तरी लागेना. त्याचा चेहरा उतरला. "वाढलो की काय मी?"

रंगनाथ सुईत दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "लग्नघर आहे. चार ठिकाणी खाणं होतं. वाढत असेल."

"दवाखान्याच्या काट्यावर जाऊन येऊ का?"

"जा की."

विश्वनाथ दारापर्यंत गेला आणि मागं फिरला. मग म्हणाला, "नको. काट्याचं काय खरं. तुझा टेप कधी चुकलाय?"

बघा. भावाचा विश्वास केवढा. रंगनाथाच्या ओठांवर शब्द आले होते. एक वाक्य पुरलं असतं — थांब, उसवून देतो, माझीच चूक झाली. पण त्या उतरलेल्या चेहऱ्याकडं बघताना त्याला आतून गार वाटत होतं. आणि गार वाटत असताना बोलायचं कुणाला सुचतं? त्यानं दोऱ्याला गाठ मारली. त्या दिवशी घरी गेल्यावर पद्माला म्हणाला, "आज भूक चांगली लागलीय," आणि पोटभर जेवला.

विश्वनाथानं इकडं रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी पळायचाच, आता संध्याकाळीही पळायला लागला. दुपारी नुसतं ताक. गोळ्या मात्र नेमानं घ्यायचा, डॉक्टरांनी सांगितल्यात म्हणून. अंगणात दिसायचा तेव्हा डोळे खोल गेलेले. पद्मा म्हणाली, "भावजींचं काहीतरी बिनसलंय." रंगनाथ म्हणाला, "मुलीच्या लग्नाची काळजी." खोटं एकदा बोललं की पुढचं आपोआप सुचतं.

लग्न आठवड्यावर आलं. दुपारची वेळ, विश्वनाथ पुन्हा दुकानात आला. "आण, आता बघू." पडद्यामागं गेला, पँट चढवली. बटण लागलं. बाहेर आला आणि हसला. "लागलं बघ, रंगा." आणि बोलता बोलता त्याचे ओठ थरथरायला लागले. कपाळावर घाम. हात मशीनकडं गेला, पण आधार सापडेना. पुढचे शब्द बोबडे झाले, लहान मुलासारखे, आणि तो कापडाच्या ढिगावर बसत बसत कलंडला.

रंगनाथ धावला. हाताशी काय होतं? त्यानं स्वतःसाठी चोरून मागवलेला गोड चहा. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकदा बजावलं होतं, गोळी घेऊन उपाशी राहू नका, घाम फुटला आणि हात कापायला लागले तर लगेच साखर घ्या. त्यानं भावाला छातीशी टेकवून बसवलं. "विसू, गीळ. विसू, माझं ऐक, गीळ." घोट घोट चहा पाजला. मग शेजारच्या दुकानदाराच्या गाडीतून दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं. विश्वनाथ भानावर आला, तशा त्या चिडल्या. "इतकं छान चाललं होतं तुमचं. जेवण का सोडलंत?"

"पँट बसेना," विश्वनाथ म्हणाला. "भावानं माप घेतलं होतं. वाढलो होतो मी."

"काट्यावर बघितलंत का? तुम्ही वाढलेले नाहीत, खंगलेले आहात."

खोलीत पद्मा उभी, विश्वनाथाची बायको पायाशी बसलेली. रंगनाथ दाराशी होता. तिथून निघून जाता आलं असतं, कुणाला काही कळलंही नसतं. तो आत आला. म्हणाला, "माप मी चुकवलं. मुद्दाम."

विश्वनाथानं उशीवरून मान वळवली आणि विचारलं, "तुला काय हवं होतं, रंगा?"

"तू जाडा व्हायला हवा होतास."

विश्वनाथानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "पँट उसव," एवढंच म्हणाला.

मंडळी, इथं भावाभावांची मिठी घालायचा मोह कीर्तनकाराला होतो. पण तसं झालं नाही. विश्वनाथ लग्नापर्यंत रंगनाथाशी कामापुरतं बोलला. पँट उसवून नीट झाली, लग्नात त्यानं तीच घातली. अक्षता पडल्या. पंगतीत मात्र विश्वनाथानं शेजारचं पान राखून ठेवलं आणि रंगनाथाला हाक मारली. दोघं जेवले. विश्वनाथानं एक जिलेबी खाल्ली, मनापासून. रंगनाथानं स्वतःच्या पानाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं, की भाऊ काय खातो हे त्याला तोंडपाठ आहे, पण आपल्याला कशाची भूक लागते हे त्यानं कधी बघितलंच नाही.

लग्नानंतर तो एकटाच डॉक्टरीणबाईंकडं गेला. गुडघ्यांचं आणि संध्याकाळच्या चोरट्या भज्यांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पळू नका. तुमचे गुडघे तुमच्या भावाचे नाहीत. तुम्हाला करायला आवडेल असं काय आहे?" तो म्हणाला, "तरुणपणी शिवलेले कपडे सायकलवरून वाड्यावस्त्यांवर पोचवायचो. ते आवडायचं." "मग तेच करा," बाई म्हणाल्या. "आधी हळू, रोज जमेल तेवढंच. आणि संध्याकाळी भूक लागते ना? मग ती दाबू नका. भज्यांऐवजी मूठभर फुटाणे खा, रात्री भाकरी-भाजी पोटाला झेपेल तेवढी."

तेच त्यानं केलं. पोट काही भावासारखं गेलं नाही. अजूनही थोडं आहे. पण साखर आटोक्यात आली, रात्री झोप लागायला लागली, पद्माही निर्धास्त झाली. आणि हेवा? खरं सांगू? गेला नाही. सकाळी विश्वनाथ कालव्यावरून पळताना दिसला, की छातीत बारीकशी कळ येतेच. फरक एवढाच, की आता रंगनाथ त्या कळेला ओळखतो. घंटी वाजवतो, भावाला हात करतो आणि आपल्या वाटेनं पॅडल मारतो.

आता तुमच्याकडं वळतो. आख्यान चालू असताना तुमच्यातल्या किती जणांनी शेजारी बसलेल्याच्या पोटाकडं बघितलं? मी इथून बघत होतो. कुणी सुटकेचा श्वास टाकला, कुणी आपलं पोट आत ओढलं. देवानं हे शरीर तुमच्या नावानं दिलंय, शेजाऱ्याच्या नाही. त्याला काय झेपतं, काय रुचतं, ते त्यालाच विचारा. कमी खायचं तर आपल्यासाठी कमी खा, चालायचं तर आपल्या पायांनी चाला.

आरती झाली की शिऱ्याचा प्रसाद आहे. साखर असलेल्यांनी बोटभर घ्या, भुकेल्यांनी द्रोणभर घ्या. पण घेताना दुसऱ्याच्या द्रोणात डोकावू नका. चला, हात जोडा, देवाचं नाव घ्या.