चार खुर्च्या

माझा सत्कार ठरवलात तर आधी सांगा, मी येणारच नाही. बोर्ली पंचतनला एकदा झाला तेवढा पुरे.

आमचा रॉक बँड बावीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. माणगावचा पहिला कार्यक्रम झकास झाला. दुसऱ्यासाठी बोर्लीला पोचलो, तर स्टेजवर चार खुर्च्या मांडलेल्या. आयोजक नाना आमच्याच वयाचे. त्यांनी आम्हा चौघांना शाल-नारळ दिला आणि माइकवर जाहीर केलं, "आता ही ज्येष्ठ मंडळी बसून गाणी म्हणतील."

मी म्हटलं, "नाना, आम्ही उभ्याने वाजवतो."

"आता वय हाय का आपलं? बसा गुमान."

आम्ही तिघांनी खुर्च्या खाली उतरवल्या. राहिला ड्रमवाला सुधीर. ड्रमवाला जन्मभर बसूनच वाजवतो, त्यात याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याने स्टूल लाथेने मागे सारलं. एक पाय पेडलवर, सगळा भार त्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर, आणि पठ्ठ्याने अख्खा कार्यक्रम उभ्याने वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या कार्यक्रमासाठी मुरुडहून आयोजकांचा फोन आला, "स्टेजवर खुर्च्या किती लावू?"

सुधीरने फोन माझ्या हातातून घेतला. "एकही नको. माझं स्टूलसुद्धा नानांना बसायला ठेवून आलोय."